टाच

आमच्या गावची खालची माय माणसं तोंडावरून नव्हे, टाचेवरून ओळखायची. तिचं घर जमिनीखाली होतं. घाटंजीच्या अलीकडं टेकाडावर मुरमाची एक जुनी खदान होती. मायचा नवरा विहिरी खोदणारा. त्यानं खदानीच्या भिंतींत तीन खोल्या कोरल्या, पावसाचं पाणी नाल्यात जायला चर काढला आणि संसार मांडला. शेताकडची वाट त्या खोल्यांच्या डोक्यावरून जायची. वरून दिसायचा तो फक्त जमिनीतून निघणारा धूर.

तिथून जाताना तीनदा टाच आपटायची, हा गावाचा रिवाज. विसरलं की खालून आवाज यायचा, "चोरावानी काहून जाऊन राह्यली वं?" शाळेत जाताना मी मुद्दाम लंगडत जायची. "सुमे, लंगड कितीबी, तूच होय!" एकदा नव्या तलाठ्यानं नेमकी तिच्या डोक्यावर मोटारसायकल लावली. "माह्या डोक्शावरून गाडी काढ बाबू!" जमीनच बोलली म्हणून तो गाडी तिथंच टाकून पळाला.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा टाच आपटून खाली उतरले. तिनं ज्वारीची भाकर पुढं केली आणि म्हणाली, "टाच भारी पडून राह्यली. दोन जीवाची आहे का वं?" तोवर मी आईलाही सांगितलं नव्हतं. मे महिन्यातली ती दुपार होती. वर वाटेवर पाय ठेववत नव्हता आणि खाली गारव्यानं मी पदर अंगाभोवती लपेटून बसले होते.

पुढं नवऱ्यासोबत मी गावातच राहायला आले आणि सरपंच झाले. एका पावसाळ्यात मायच्या छताचं ढेकूळ चुलीवर पडलं. तिचा नवरा केव्हाच गेलेला, मूलबाळ नाही. उद्या ती गाडली गेली तर जाब मलाच द्यावा लागेल, असा मी सरळ विचार केला. घरकुलाचा अर्ज भरला, तिचा अंगठा घेतला. वर्षभरात रस्त्याकडेला सिमेंटची खोली उभी राहिली.

ती वर आली. फक्त एक मागणं केलं, "खदान बुजवू नको, पोरी. दुपारच्यापुरती राहू दे."

"पोरं-ढोरं पडतील, माय," मी म्हणाले. साठ ट्रॉल्या मुरूम टाकून घेतला. काम चोख झालं.

महिन्यानं भेटायला गेले. ती भर उन्हात उंबऱ्यावर बसली होती. मी अगदी समोर उभी राहिले, तरी तिनं विचारलं, "कोण होय?" काचबिंदूनं तिचे डोळे पार गेले होते, हे मला त्या दिवशी कळलं. खाली तिला ठेच लागलेली मी कधी पाहिली नव्हती. वर मात्र ती खाटेपासून रांजणापर्यंत चाचपडत जात होती. मी फरशीवर तीनदा टाच आपटली.

"सिमेंटातून काही समजत नाही वं," ती म्हणाली. "खाली साऱ्या गावची चाल ऐकू ये. इथं सारे सारखेच."

मी नाव सांगितलं. तेव्हा तिनं माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. तक्रार केली नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती गेली. छत पुन्हा पडलं असतं, हे मी आजही म्हणते, आणि ते खरंच आहे. पण छताला टेकू द्यायला चार सागाच्या बल्ल्या पुरल्या असत्या, हेही खरं आहे. तेव्हा मला सुचलं नाही.

खदानीवर आता तरोट्याचं तण माजतं. शेतात जाताना मी तिथं थांबते आणि तीनदा टाच आपटते. परवा मागून येणाऱ्या निंदणाच्या बायांपैकी एकीनं विचारलंच, "कायले पाय आपटता, बाई?"

"चपलेत खडा गेला," मी म्हणाले आणि पुढं चालू लागले.