रजिस्टरातली खूण

दगड फोडून फोडून त्यांची पाठ गेली होती आणि कानही अर्धे गेले होते. विद्यापीठाच्या तळघरात ते ग्रॅनाइटचे तुकडे यंत्रात घालत, भुकटी करत, ती पाण्यात निथळत आणि उरलेल्या रेतीतून झिरकॉन या खनिजाचे डोळ्यांना धड न दिसणारे कण सूक्ष्मदर्शकाखाली सुईने वेचत. केसांपासून बुटांपर्यंत कायम पांढरे, म्हणून सगळे त्यांना भुकटीकाका म्हणत. खरं नाव ओळखपत्रापुरतं उरलं होतं.

वरच्या मजल्यावरच्या मॅडम त्या कणांवर लेसर मारून त्यांचं वय काढत. एका दगडाची भुकटी दुसऱ्यात गेली की सगळ्या मेहनतीवर पाणी. म्हणून दर दगडानंतर यंत्र खोलायचं, घासायचं, धुवायचं, वाळवायचं आणि रजिस्टरात ‘साफ’च्या रकान्यात खूण करायची. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

एके दिवशी मॅडम स्वतः तळघरात उतरल्या. अडीचशे कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटात एका कणाचा गाभा तीनशे चाळीस कोटींचा निघाला होता. म्हणजे तो ग्रॅनाइट थेट पृथ्वीच्या खोलातून नवा वर आलेला नव्हता. तिथे आधीच एक खंड होता, तो वितळून हा झाला आणि एवढा कण वितळायचा राहून गेला. कालच्या कणकेचा गोळा आजच्या पिठात मळावा आणि त्याची एखादी गाठ तशीच राहावी, तसं. त्या जागी इतकी जुनी जमीन असेल असं आजवर कोणी मानत नव्हतं.

“रजिस्टरात तुमची खूण आहे,” मॅडम म्हणाल्या, “म्हणजे विचारायचं कामच नाही.”

ती तारीख काकांना चांगली आठवत होती. दुपारी बायकोला तपासण्यांना न्यायचं होतं, अंगात त्राण नव्हतं, म्हणून त्यांनी त्या दिवशीच्या चारही दगडांच्या खुणा सकाळीच करून टाकल्या होत्या. या ग्रॅनाइटच्या आधी यंत्रात गेलेला दगड साधारण तीनशे चाळीस कोटींचाच होता. मधे यंत्र धुतलं होतं का? डोकं कितीही खाजवलं तरी काही आठवेना.

दोन दिवस ते नेहमीसारखे दगड दळत राहिले. निवृत्तीला सहा आठवडे उरले होते आणि कोणाला काही कळणार नव्हतं. बायको म्हणाली, “अहो, झालं ते झालं. आता बोलून काय साधणार?” त्यांनाही तेच पटत होतं. तरी तिसऱ्या दिवशी गुडघे कुरकुरत असताना ते दोन जिने चढले आणि त्यांनी मॅडमना सगळं सांगून टाकलं.

मॅडम चिडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. या शोधावरचा त्यांचा लेख पाठवायला तयार होता. तो बाजूला सारून त्यांनी एवढंच विचारलं, की त्या दगडातलं काही उरलंय का. मुठीएवढा तुकडा उरला होता.

काकांनी यंत्र तीनदा धुतलं. उरलीसुरली भुकटी निघून जावी म्हणून शुभ्र गारगोट्या दळून फेकून दिल्या, मग तो तुकडा घातला. आठ दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून हाती काहीच आलं नाही. नवव्या दिवशी एका स्वच्छ कणात लालसर, गोल गाभा दिसला. संध्याकाळपर्यंत आणखी एक.

आठवड्याने मॅडम पुन्हा खाली आल्या. दोन्ही गाभे तीनशे चाळीस कोटींचे होते. काका स्टुलावर बसले. इतकं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं आणि इतकं थकल्यासारखंही.

टेबलावर रजिस्टर उघडं होतं. या वेळची खूण त्यांनी धुऊन झाल्यावरच, ओल्या हातांनी केली होती; शाई जरा फुटली होती. मॅडमनी तिच्यावर बोट ठेवलं. त्यांना विचारणं जड जात होतं, हे दिसत होतं.

“काका, या वेळी धुतलं होतं ना?”

प्रश्न बरोबर होता. काका त्यांच्या जागी असते तर त्यांनीही विचारला असता.

“हो मॅडम,” ते म्हणाले. “तीनदा.”

बावीस वर्षांत त्यांना हे पहिल्यांदाच सांगावं लागलं होतं.