फिटरमामांचा वीतभर खड्डा

फिटरमामांइतका दमलेला माणूस कावेरीच्या दोन्ही काठांवर दुसरा झाला नाही. आमच्या तंजावुरात दमलेल्यांची कमतरता नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी मोठ्या देवळातला नंदीसुद्धा कूस बदलेल की काय असं वाटतं. पण मामांचं दमणं निराळं होतं. ते सकाळी उठायचे तेच दमून. वॉल्व्ह फिरवायची पाच फुटी चावी जमिनीवर टेकवून तिच्या आडव्या दांड्यावर हनुवटी ठेवली की उभ्याउभ्या झोपायचे, आणि झोपेतही अर्धा आटा फिरवायचे. एकदा एका कावळ्याने त्यांच्या डोक्यावर घरट्याची पहिली काडी आणून ठेवली. मी स्वतः पाहिली. दुसरी काडी घेऊन आला तेव्हा मामा डोळे न उघडता म्हणाले, "बस पा, बस. तूंही दमला असशील."

ते कॅम्पातले पाण्याचे फिटर. कॅम्प म्हणजे शहराबाहेर, पापनाशमच्या रस्त्याला लागून असलेली जुनी लष्करी छावणी. लढाई संपली, पलटण गेली, पत्र्याच्या बराकी राहिल्या आणि जमिनीखाली राहिले बिडाचे पाइप. मामांचे वडील लढाईच्या दिवसांत इथे फिटर होते, त्यांच्यामागून मामा. बराकींमध्ये सरकारने कधी धान्य भरलं, कधी पुरातली माणसं, कधी कचेऱ्या. पाइपांकडे कोणी पाहिलं नाही. रोज कुठे ना कुठे जोड सुटायचा. मामा उकरायचे, फटीत ताग ठासायचे, शिसं वितळवून ओतायचे आणि खांद्यावरच्या तुंडूने तोंड पुसत म्हणायचे, "हें आजपुरतें." तीस वर्षं ते आजपुरतं चाललं होतं.

मी तिथे ओव्हरसीअर म्हणून आलो तेव्हा माझी तिशी उलटली होती. घर आमचंही तंजावूरच्या मराठ्यांचंच. म्हणजे जेवायला मराठीत बोलवायचं आणि भांडायचं तमिळमध्ये. देवनागरी मी पुढे पुण्याला गेल्यावर शिकलो. मामांना तर यातलं अक्षरही वाचता आलं नसतं, तेव्हा चार गोष्टी वाढवून लिहिल्या तरी ते काही धरायला यायचे नाहीत.

नकाशा त्यांच्याकडे नव्हता, कोणाकडेच नव्हता. मामा वहाणा काढून चालायचे आणि गळती कुठे आहे ते तळपायाला विचारायचे. मध्येच थांबायचे. "इथें. चार फूट खालीं. जोड नव्हे, चीर." उकरलं की चीरच. मी लोकांना सांगायचो की मामा पाय टेकवून कोणत्या घरात कोणतं कालवण शिजतंय तेही सांगतात. मामा म्हणायचे, "कालवणाचें नाहीं. भांडण चाललें असलें तर समजतें."

कॅम्पाच्या मागच्या कुंपणाला लागून धोब्यांची वस्ती होती, तीसेक घरांची. त्यांच्या आजोबांनी पलटणीचे कपडे धुतले. तेव्हाच्या लॉन्ड्रीकडून एक इंची लाइन कुंपणाखालून वस्तीत गेली होती, तिच्या टोकाला एक नळ. पलटण जाताना ती बंद करायला विसरली आणि मामा आठवण करून द्यायला दमले. धुण्याला तळं होतं, पण प्यायला तो एकच नळ. बोअरचं पाणी असं तांबडं की त्यात शिजवलेला भात बिनहळदीचा पिवळा व्हायचा.

नळावरची राणी म्हणजे अंजलै. कमरेला पितळेचा कुडम, म्हणजे आपली घागर, आणि तोंडात विळा. आमच्या लोकांना तिकडे रायर म्हणतात. ती कुंपणापलीकडून ओरडायची, "काय हो रायर, आज नळाला सर्दी झाली का? थेंब थेंब गळतोय!"

"तुझी कटकट ऐकून पाणीही दमतें, अम्मा," मामा म्हणायचे.

"दमू दे. पाणी दमलं तरी वर चढतं, तुम्ही पायरी चढत नाही!"

मग मामा जायचे, वॉल्व्हचा अर्धा आटा उघडायचे आणि परत येऊन तासभर दमायचे.

अशात ती वर्षं आली, जेव्हा साऱ्या देशाची दारं उघडली म्हणत होते. आमच्या कॅम्पालाही नवं फाटक बसलं. बराकी पाडून शिलाईचे आणि कॉम्प्युटरचे कारखाने यायचे होते, इंग्रजी पाटी लागली, फाटकाशी हिरवळ आणि कारंज्याची आखणी झाली. आणि जमिनीखालचं सगळं बदलायचं ठरलं. मद्रासहून एक कन्सल्टंट आले, इतके स्वच्छ की त्यांच्या बुटांवर माशी बसली तर घसरायची. त्यांनी हुकूम दिला: नवी लाइन पडली की जुनी मेन, म्हणजे मुख्य लाइन, कायमची बंद. जुन्या मेनवरचे सगळे जोड दाखवा, मंजूर असतील ते नव्या लाइनीवर घेऊ.

सगळे मंजूर होते. एक सोडून.

मामा तीन वेळा कचेरीची पायरी चढले. तिसऱ्या वेळी मी तिथेच होतो.

"ही वस्ती हद्दीबाहेर आहे," कन्सल्टंट म्हणाले.

"पाइप आंत आहे, सार. फक्त पाणी बाहेर जातें."

"मंजुरीचा कागद?"

"कर्नलनें तोंडानें सांगितलें होतें, सार. माझ्या बापाला."

"कर्नल कुठे आहे?"

मामा विचारात पडले. "दमून गेला असेल, सार. लढाई होती."

कन्सल्टंट वाईट माणूस नव्हते. ते हसले, पंखा मामांच्या बाजूला वळवला आणि म्हणाले, नाही जमणार. पुढे ते मला लाइनीची रचना समजावू लागले. मामा कोपऱ्यातल्या स्टुलावर झोपले. कन्सल्टंट सांगत होते, लाइन जिथे सर्वांत खोलगट असेल तिथे गाळ साचतो, म्हणून तिथे वॉशआउट ठेवायचा. वॉशआउट म्हणजे गाळ वाहून जावा म्हणून पाणी बाहेर सोडायचा वॉल्व्ह. मामांचा एक डोळा उघडला.

"तो रोज सोडायचा असतो का, सार?"

"सुरुवातीला रोज. गाळ संपेपर्यंत."

"गाळ संपला तें कोण ठरवतो?"

"चालवणारा माणूस ठरवतो."

मामांनी डोळा मिटला.

आता आमच्याकडची जमीन कशी आहे ते सांगतो. इतकी सपाट, की समुद्र कोणीकडे ते कावेरीला दर मैलावर विचारावं लागतं. वीतभर चढउतार झाला तरी पाणी उलट जाईल. अशा जमिनीची पातळी मोजायचं काम माझ्याकडे आलं. मी तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाहायचं आणि समोर मामांनी आकड्यांचा उंच दांडा उभा धरायचा. आकडा जितका मोठा, तितकी जमीन खोल. सकाळभर मोजलं. सर्वांत खोल जागा निघाली फाटकाशी, नेमकी कारंज्याच्या हिरवळीवर. शेवटचा मुक्काम मागच्या कुंपणाचा, वस्तीला लागून.

आमची ती जुनी दुर्बीण जग उलटं दाखवायची. जमीन वर, आभाळ खाली, आणि मामा वटवाघळासारखे लटकलेले. मी आकडा वाचला. मोठा होता, फाटकाजवळच्यापेक्षाही मोठा. मला नवल वाटलं म्हणून पुन्हा डोळा लावला. दांडा सरळ होता, मामा सरळ होते, पण मामांना पाय नव्हते. नडगी होती, आणि घोट्यापासून पुढे नुसती जमीन. मामा वीतभर खड्ड्यात उभे होते. काठावरची माती ओली होती. तीस वर्षांत ज्या माणसाने गरजेपेक्षा एक फावडं जास्त मारलं नव्हतं, त्याने पहाटे येऊन तो खणला होता.

मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. तेवढ्यात तीन पिढ्या गेल्या असतील. हाक मारली असती तर मामा बाहेर आले असते आणि वॉशआउट कारंज्यापाशी गेला असता. मी वही उघडली आणि जो दिसला तो आकडा लिहिला.

कन्सल्टंटनी वही पाहून वॉशआउट मागच्या कुंपणाशी आखला. त्याचं तोंड कुंपणाबाहेर, वस्तीच्या बाजूला. पाइप पडले, जोड बसले, माती ओढली. तीस वर्षं शिसं ओतलेल्या मामांनी नव्या पाइपांची रबरी कडी बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "ही आजपुरती दिसत नाहीं." एवढं कौतुक त्यांनी स्वतःच्या लेकीचंही केलं नसेल.

आणि उद्घाटनाला आठवडा राहिला असताना घोळ झाला. पावसाच्या गटारासाठी दुसऱ्या माणसाने नवं यंत्र लावून तीच जमीन मोजली. मागचं कुंपण एक वीत वर आलं.

कन्सल्टंटनी आम्हा दोघांना उभं केलं. माझी वही त्यांच्या हातात होती. "हे कोणी घेतलं?"

मी तोंड उघडलं. एरवी मी एका उंदराचे तीन हत्ती करून सांगणारा माणूस. त्या दिवशी घशातून मुंगीसुद्धा बाहेर पडली नाही. नोकरी पक्की व्हायची होती, बायकोला सातवा महिना होता. ही कारणं मी नंतर पुष्कळदा मोजून पाहिली. दर वेळी तेवढीच भरली.

"दांडा मी धरला होता, सार," मामा म्हणाले. "खड्डा होता. पाय दुखत होते, लक्ष नव्हतें. ओव्हरसीअरला इतक्या लांबून काय दिसणार?"

"खड्डा कोणी केला?"

"डुकरांनीं केला असेल, सार."

कन्सल्टंट मामांकडे पाहत राहिले, मग खिडकीतून मागच्या कुंपणाकडे. त्यांना कळलं असावं असं मला आजही वाटतं. पण मातीखाली गेलेली लाइन उद्घाटनाच्या आठवड्यात कोण उकरणार? वॉशआउट कामापुरता ठीक होता, तो राहिला. चूक मात्र कोणाच्या तरी नावावर टाकायला हवी होती. मामांना घरी बसवलं. पंपघराशेजारच्या ज्या खोलीत ते जन्मापासून राहत होते, ती दोन दिवसांत रिकामी करायला लावली. एक ट्रंक, एक चटई आणि ती चावी. चावी फाटकावर ठेवून घेतली. मामा पापनाशमला मुलीकडे गेले.

वॉशआउट मी पुढे नऊ वर्षं रोज सकाळी तासभर सोडत आलो आणि नोंदवहीत रोज लिहीत आलो, गाळ अजून आहे. असा गाळ जगात कुठल्या लाइनीला नसेल. पण सांगायचं आहे ते पहिल्या सकाळचं. जुनी मेन बंद होऊन दोन दिवस झाले होते, वस्तीत पिवळा भात शिजला होता. मी वॉल्व्ह उघडला. आधी फुसकन हवा, मग लाल चिखल, मग गढूळ, मग स्वच्छ. पलीकडे बायकांची रांग. पहिला कुडम अंजलैचा. तो भरून तिने कमरेला घेतला नाही. कुंपणावरून माझ्यापुढे धरला.

"हा रायरना नेऊन द्या."

"पापनाशमला? अगं, तिथे नदी आहे, कालवे आहेत..."

"मी विचारलं का तिथे काय आहे ते?"

मी पितळेचा भरला कुडम मांडीवर घेऊन बसमध्ये बसलो. कंडक्टर म्हणाला, "पापनाशमला पाणी नेताय? मग समुद्राला मीठ कधी?" सगळी बस हसली. निम्मं पाणी माझ्या पँटवर सांडलं, त्याबद्दलही बसमध्ये दोन-चार तर्क झाले.

मामा मुलीच्या घरापुढच्या ओट्यावर बसले होते, कमरेची वेष्टी गुडघ्यापर्यंत, पाठ भिंतीला. कुडम पाहून त्यांनी काही विचारलं नाही. मुलीकडून पेला मागवला, पाणी भरून उजेडात धरलं, मग सावकाश प्यायले.

"थोडा गाळ आहे," म्हणाले. "उद्यांही सोडायला पाहिजे."

मी त्यांच्या पायांशी बसलो होतो. "मामा, मी पाहिलं होतं."

"काय?"

"तुमचे घोटे. दुर्बिणीतून."

"ठाऊक आहे. इतका वेळ पाहत राहिलास, माझ्या पायाला मुंग्या आल्या."

"मी गप्प राहिलो."

"कोणत्या दिवशीं?" मामांनी विचारलं.

समोरून भाताच्या पेंढ्यांची बैलगाडी गेली.

"दांडा धरला होता त्या दिवशीं गप्प राहिलास, तें फार बरें केलेंस," ते म्हणाले.

कचेरीतल्या दिवसाबद्दल ते बोलले नाहीत. पुढे भेट झाली नाही, त्यामुळे ते बोलणं राहिलंच. त्यांनी लेकीला हाक मारून उरलेलं पाणी घरच्या घागरीत ओतून घेतलं, कुडम तुंडूने आतून कोरडा केला आणि माझ्या हातात दिला.

"ऊठ. पांचाची बस धर. अंजलै उद्यां सकाळीं कशांत भरेल?"