शेवटचा धावपटू वळला

आधीच सांगून ठेवतो – शेगावात सव्वीस वर्षं मी वाचनालय सांभाळतोय, आणि भुताखेतांची पुस्तकं कथा-कादंबऱ्यांच्या कपाटात लावतो. ती 'अनुभव' म्हणून वेगळी लावा, असा एका वाचकाने अर्ज दिला होता. तो अर्जही मी त्याच कपाटात ठेवला. तेव्हा हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे... पण दोन वर्षं झाली, आणि दुसरीकडे कुठे सांगावं ते कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये वरवट बकालला मॅरेथॉन झाली. पूर्ण बेचाळीस किलोमीटर. सकाळी सहाला सुटायची होती. प्रमुख पाहुणे सातला आले. मग दीपप्रज्वलन – मैदानात वारा, दिवा काही लागेना – मग सत्कार, मग ज्यांचे सत्कार झाले त्यांनी केलेले सत्कार, मग 'आरोग्य हीच संपत्ती' यावर भाषण. धावणारे उभे. आठला दहा मिनिटं असताना झेंडा हलला. वऱ्हाडातल्या उन्हात सकाळचे दोन तास म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

माझ्याकडे एकविसाव्या किलोमीटरचं वळण होतं. बुटात चिप वगैरे प्रकार आमच्याकडे नाही. एक टेबल, एक रजिस्टर, पाण्याचा ड्रम आणि कडुनिंबाची सावली. येणाऱ्याचा नंबर आणि वेळ लिहायची, आणि त्याला परतीला लावायचं. यायचा रस्ता डांबरी, परतीचा शेतांमधल्या पांदणीने. ॲम्ब्युलन्स पुढच्या फाट्यावर उभी होती. शेवटचा माणूस साडेअकरापर्यंत आला नाही, तर ती डांबरी रस्त्याने मागे बघत जाणार. आला, तर मी फोन करायचा आणि ती पांदणीकडे जाणार. जोडीला शाळेतल्या वर्षा मॅडम होत्या.

अकरापर्यंत सगळे वळले. एकच राहिला – त्रेसष्ट नंबर, ज्ञानदेव. वांगी-टमाटे करणारा, चव्वेचाळीस वर्षांचा. शेगावच्या बाजारात माल उतरवला की वाचनालयात पेपर वाचायला यायचा, तेवढी ओळख. वर्षभर पहाटे धावत होता. गावात टिंगल व्हायची – 'काऊन पळून राह्यला बे, कोन मागं लागलं?' सकाळी मैदानात त्याची बायको, शोभावहिनी, मला म्हणाल्या होत्या, "वावरात पानी द्याले याचे पाय दुखतात सर, अन् इथं चाळीस किलोमीटर."

ज्ञानदेव हसला. "एक डाव पुरी करू दे. मंग नाही म्हनत."

अकरा वाजून बारा मिनिटांनी तो आला. घड्याळ बघून लिहिलंय. चालत नव्हता, संथ धावत होता. टेबलापाशी थांबला. मी पाणी पुढे केलं, त्याने घेतलं नाही. चेहरा कोरडा – घामाचा टिपूस नाही. ते मला दिसलं. दिसलं, आणि मी लिहायला मान खाली घातली.

"सर, लिहला का माहा नंबर?"

"लिहिला. सावकाश जा ज्ञानदेव. पाहुण्यांचं आभारप्रदर्शन अजून उरकलं नसेल."

"हाव," म्हणाला, हसला आणि पांदणीला लागला. मी फोन केला – शेवटचा धावपटू वळला, गाडी तिकडे घ्या.

एक वाजला तरी पांदणीतून तो बाहेर पडला नाही. दीडला दवाखान्यासमोर कांद्याचा टेम्पो येऊन थांबला. त्यात पोत्यांवर ज्ञानदेव बेशुद्ध, आणि दोन मजूर बायका. तो सापडला होता डांबरी रस्त्यावर, सतराव्या किलोमीटरला. म्हणजे माझ्या टेबलाच्या चार किलोमीटर अलीकडे.

"साडेदहाले लाइन गेली, मोटार बंद पडली," त्यातली मोठी बाई सांगत होती. "त्याच्या आधीच पडला होता हा मानूस. सावलीत ओढला, कळशीनं पानी टाकून राह्यलो. रस्ता बंद, गाडी ना घोडा. मंग एक मोटारसायकलवाला आला. त्यानं तुमच्या लोकायले फोन लावला, तर म्हने त्या रस्त्यावर आता आमचं कोनी नाही. पिऊन पडला असन कोनी."

मी वायरमनला गाठून विचारलं. लाइन साडेदहालाच गेली होती. वर्षा मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "मी ड्रमपाशी होती सर, पाठमोरी. पान्याच्या आवाजात शब्द नाही समजले, पण तुम्ही बोलत होते. मले वाटलं फोन आहे."

मग मी शहाण्या माणसासारखा विचार केला. ऊन, उपाशी पोट, वाट बघून शिणलेले डोळे – जो यायचा होता तो मेंदूने आणून उभा केला. समितीने चौकशी केली. 'नजरचुकीने नोंद झाली' असं मी लिहून दिलं. समितीला हायसं वाटलं. दिवा किती वेळ लागत नव्हता, याची नोंद मात्र त्या कागदात कुठे नाही.

ज्ञानदेव वाचला. अकोल्याला बरेच दिवस होता. मूत्रपिंडाला मार बसला, डावा पाय ओढतो, उन्हात उभं राहवत नाही. वावर आता शोभावहिनी बघतात. चार महिन्यांनी धीर करून मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला आणि आवाज न चढवता म्हणाल्या, "तुमी लिहलं म्हनून गाडी तिकडं गेली. डाक्टर म्हने, दोन घंटे आधी आनलं असतं तर एवढं झालंच नसतं."

"हो वहिनी. चूक माझीच."

"चूक काऊन?" खाटेवरून ज्ञानदेव म्हणाला. जीभ जरा जड झाली होती. "मी आलो होतो ना सर. तुमी नाही का म्हनले, सावकाश जा, आभारप्रदर्शन राह्यलं असन?"

हे वाक्य मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं. समितीला नाही, वर्षा मॅडमना नाही, घरीही नाही. घाम आटलेल्या माणसाशी आपण विनोद केला, हे कुणाला सांगणार?

"पांदणीनं कुठवर गेलो ते नाही आठवत मले," तो म्हणाला. "पन वळलो होतो. हे लोक आयकतच नाहीत."

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "सांगा सर. आला होता हा?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. सही करून दिलेलं होतं. दोन बायका, वायरमन, डॉक्टर, सगळे माझ्या बाजूने होते. आणि खाटेवरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत होता. वर्षभराच्या धावण्यातलं तेवढं एक वळण त्याच्याकडे उरलं होतं.

"आला होता," मी म्हणालो.

ज्ञानदेवने डोळे मिटले. वहिनींनी कप उचलले.

"मंग थांबवलं काऊन नाही त्याले?"

तो तिथे कसा आला, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. पण वहिनींनी ते विचारलंच नव्हतं.