त्याचा दहिपळस

चाकणच्या पुढे एक छोटी टेकडी तारेचं कुंपण घालून राखून ठेवली आहे, ती दहिपळसासाठी. पानावर काडीनं रेघ ओढली की काळी उमटते, तेच झाड. तिथं त्याचं एकच मोठं झाड उरलंय, बाकी या भागात शोधून सापडत नाही. त्याचं बी रुजवायचं काम आम्ही दोघा रिटायर कामगारांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या मशीनवर आमची तीस वर्षं गेली.

मी माती चाळली, बी भिजवलं, रोज दोनदा पाणी शिंपडलं. एक कोंब येईल तर शपथ. माझ्या या जोडीदारानं थेरगावच्या घरी गॅलरीत दुधाच्या पिशवीत चार बिया टोचल्या आणि विसरून गेला. त्यातली एक उगवली! रोप टेकडीवर लावताना जमलेल्या लोकांनी रोपासोबत त्याचा फोटो काढला. मला म्हणाले, "काका, जरा बाजूला होता का?" माझा नुसता तिळपापड झाला. कंपनीतही हेच. घाम माझा, शाबासकी त्याला.

मे महिन्यात तो आठवडाभर गावी गेला. जाताना म्हणाला, "राव, रोपाला पाणी घाल. तुझ्याशिवाय कुणावर सोडू?"

आमच्याकडे घरोघरी पाण्याला कूलंटचे रिकामे कॅन असतात. कूलंट म्हणजे धातू कापताना मशीनवर सोडतात ते तेलकट पाणी. नवा कॅन साबणानं तीनदा धुवायचा, उन्हात ठेवायचा, मगच वापरायचा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी रोपाच्या पाण्याचा कॅन एकदाच विसळला. वास येत होता. घाई आहे, असं मी स्वतःला सांगितलं. रिटायर माणसाला कसली घाई?

तो परतला तेव्हा रोप काळं पडलं होतं. तो उकिडवा बसला आणि चिमूटभर माती नाकाशी नेली. तीस वर्षं त्याच वासात आम्ही डबा खाल्ला होता. त्यानं वर माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात रखवालदार आला. काय झालं, विचारू लागला.

"उन्हानं गेलं," तो हात पँटला पुसत म्हणाला. "ह्यानं बिचाऱ्यानं रोज पाणी घातलं होतं."

घरी जाताना मी त्याच्याच गाडीवर मागे बसलो होतो. माफी मागायची सोडून मी आतल्या आत जळत होतो. एवढं मोठं मनसुद्धा त्यालाच मिळावं?