बडोद्यात परघरी

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तशी आमची शाळा होती. दर सत्राला नवा देश. इमारत नाही, घंटा नाही. वीसेक मुलं, चार शिक्षक आणि पत्र्याच्या पेट्यांत भरलेली प्रयोगशाळा. नव्वदीच्या अखेरीस, बडोद्यात घरोघरी केबल आली तेव्हा, माझी अशा शाळेत फुकट जागेवर निवड झाली. थायलंड झालं, इक्वेडोर झालं, आणि जगात एवढी गावं पडलेली असताना तिसऱ्या सत्राला शाळा बडोद्यातच आली.

शाळेचा नियम असा की जिथे जाऊ तिथल्या एखाद्या कुटुंबात राहायचं, स्वतःच्या घरी कुणी राहायचं नाही. आजवर कुणाचं घर वाटेत आलंच नव्हतं, त्यामुळे या नियमाचा अर्थ माझ्या डोक्यात कधी शिरला नव्हता. आमचं घर तरसालीला, आणि मला राहायला दिलं पाणीगेटला, एका गुजराती मासींकडे. घरी जायची मुभा फक्त रविवारी दुपारी.

आईला हे कळलं तेव्हा ती आधी हसली. मग तिला वाटलं मी काहीतरी गुन्हा केलाय आणि ही शिक्षा आहे. "गावात आईबाप जिवंत असताना पोरगी लोकांकडे राहते? मी शेजारच्या बेनला काय सांगू?" तिने शेवटी बेनला सांगितलं की शाळा अजून आलीच नाही, उशीर झालाय. चार दिवसांनी त्याच बेनने मला मांडवीत कुल्फी खाताना पाहिलं.

मासी प्रेमळ होत्या, पण माझंच कुठे मन लागेना. आधीच्या दोन्ही देशांत मी नवखी होते, म्हणून सगळं मजेचं होतं. इथे मला रस्ते पाठ, भाव पाठ, शिव्याही पाठ, आणि तरी संध्याकाळी चप्पल दुसऱ्याच्या दारात काढायची. माझ्याबरोबर राहणारी ब्राझीलची मुलगी ओट्यावर बसून मासींबरोबर मजेत शेंगा सोलायची. मला तिचा राग यायचा. शनिवारी मी डेपोत जाऊन डभोईची बस पकडायची. डभोईला माझं काडीचं काम नव्हतं. बस सुटली की बरं वाटायचं, पोचली की पुन्हा तेच, म्हणून मी तिथे एक चहा घेऊन परत यायची. पायाला भिंगरी लागली म्हणतात ती अशी.

पहिल्या रविवारी घरी गेले, तर आईने माझ्यासाठी ट्रेमधून पाणी आणलं. आमच्याकडे ट्रे कपाटावरून खाली येतो तो परक्या माणसांसाठी. मी म्हटलं, "हे काय?" तर म्हणाली, "मासीकडे पाहुणी म्हणून फावतं ने तुला? मग इथेही फावेल." मी ते पाणी प्यायले नाही. ती आत जाऊन मोठ्याने भांडी लावत बसली.

बाबांचं म्हणणं वेगळं होतं. ते रिफायनरीत होते, फार बोलायचे नाहीत, पण जेवताना एकदा म्हणाले, "आपले पूर्वज संस्थानच्या फौजेबरोबर घोड्यावरून इथे आले. मग उतरले. उतरायचं कधी हे माणसाला कळायला हवं." त्यांच्या हिशेबाने मी आता उतरायचं होतं, इथेच सायन्सला बसून बारावी करायची होती. पुढचं सत्र मोरोक्कोत होतं. शाळेची पद्धत अशी की गाव सोडण्याआधी मुख्याध्यापिका स्वतः प्रत्येकाच्या आईवडिलांना विचारायच्या, आणि दोघांचा होकार आला तरच मूल पुढे जायचं. एकाने जरी नाही म्हटलं तरी माझा प्रवास तरसालीच्या बसथांब्यावर संपणार होता. त्या दिवसांत मला झोप म्हणून लागत नव्हती.

बाकीच्यांच्या घरी मुख्याध्यापिकाबाईंनी फोन केले. माझं घर जवळच, म्हणून रविवारी त्या रिक्षाने जेवायलाच आल्या. उंच, पांढऱ्या केसांच्या, पँट आणि ढगळ शर्ट घातलेल्या बाई. आईने पुरण केलं होतं. बाई गुळवणीत पोळी बुडवून व्यवस्थित जेवल्या. दुभाषी मीच.

जेवण होत आलं तसं बाबांनी मला सांगितलं, "त्यांना सांग, आभारी आहोत, पण आता पुरे." मी ते इंग्रजीत सांगितलं. माझाच गळा मी माझ्याच तोंडाने कापत होते. बाईंनी मान हलवली आणि आईकडे पाहिलं.

आईने भलताच प्रश्न काढला. "विचार त्यांना, तिकडे पोरीला ताप आला तर उशाशी कोण बसतं?"

मी विचारलं. बाई म्हणाल्या, त्या स्वतः. इक्वेडोरला मी तापाने फणफणले होते, रात्रभर आईला हाका मारत होते, तेव्हा त्या माझा हात धरून बसल्या होत्या. मी तेवढं गाळून भाषांतर करणार होते, पण माझा चेहरा बघून आईने ओळखलं. मग सगळं सांगावं लागलं.

"मला कळवलं का नाहीस?"

"तू परत बोलावून घेतलं असतंस."

"घेतलंच असतं," आई म्हणाली. तिने बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग हलक्या आवाजात मला म्हणाली, "लग्न झालंय का त्यांचं?"

"झालं होतं. त्यांनीच नवरा सोडला."

आईचा चेहरा पडला. आमच्याकडे ओटी सवाष्णीची भरतात, आणि तिच्या मनात काय आहे ते मला तेव्हा कळलं.  मग "असू दे, देवाला मी सांगेन," असं पुटपुटत आत गेली आणि सुपात तांदूळ, नारळ, खण, सुपारी घेऊन आली. बाईंना पाटावर बसवलं, कुंकू लावलं. पण ओटी घ्यायची कशात? पँटवाल्या बाईला पदर कुठून येणार? आईने माझ्या खांद्यावरची ओढणी ओढून घेतली, बाईंच्या खांद्यावर टाकली आणि तिचं टोक त्यांच्या दोन्ही हातांत पसरून दिलं. बाई गोंधळून माझ्याकडे बघत होत्या.

"अगं, हे काय चाललंय?" बाबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. तिने ओंजळीने तांदूळ घातले, त्यावर नारळ ठेवला आणि बाईंना मराठीतच म्हणाली, "पोरगी तुमच्या पदरात घातली. आता तुमची." मुलीला सासरी पाठवताना विहीणबाईंना म्हणतात, तसं.

बाईंनी मला विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, हो म्हणाल्या. याहून जास्त मला सांगता येईना.

बाबा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. तिकडूनच त्यांनी मला विचारलं, "तिकडे थंडी किती असते?"

मला हवं ते मिळालं होतं. महिनाभर ज्यासाठी मी तडफडत होते ते माझ्या समोर, माझ्याच ओढणीत पडलं होतं, आणि मला ते सगळं ओढून परत आईच्या सुपात ओतावंसं वाटत होतं. मी जागची हलले नाही.

आईने डोळे पुसले आणि माझ्यावर खेकसली, "आता बसलीस काय अशी? ताटं काय मी उचलू? ऊठ."

मी उठले, सगळ्यांची ताटं उचलली आणि मोरीत नळ मोठा सोडून पोटभर रडून घेतलं.