बुलेटची सलामी

माझा नवरा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाला तेव्हा त्याला दोन चांगल्या सवयी होत्या: पहाटे उठणं आणि कमी बोलणं. निवृत्तांच्या मोटारसायकल क्लबात गेल्यावर पहिली उरली ती बुलेट पुसण्यापुरती. दुसरी पार गेली.

क्लबचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर ते लोक हे पान न वाचता फ्रेम करून लावतील. सातारा, कोरेगाव, कराड आणि सांगली-मिरजेकडचे मिळून पंचवीस-तीस माजी सैनिक. सगळ्यांकडं बुलेट, सगळ्यांच्या अंगात काळं जाकीट आणि त्यावर शिवलेले बिल्ले. नोकरीत ज्याला पदक मिळालं नाही त्याच्या जाकिटावर बिल्ले जास्त. दर वर्षी सव्वीस जानेवारीच्या सुमारास यांची राईड निघते. त्याआधी महिनाभर सांगलीचे हळदीचे व्यापारी, साताऱ्याचे सराफ आणि पेढेवाले यांच्या दारात जाऊन वर्गणी गोळा करायची आणि तिच्यातून एखाद्या जवानाच्या कुटुंबाला मदत द्यायची. काम चांगलंच आहे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, त्यापेक्षा हे बरं, असं मीही पहिली एक-दोन वर्षं म्हणत होते.

क्लबचे अध्यक्ष मानद कॅप्टन आहेत. वर्षानुवर्षं सुभेदारी केलेल्याला शेवटी मानानं ही पदवी मिळते, त्यात कमीपणा काहीच नाही. पण यांनी 'मानद' हा शब्द आधी दारावरच्या पाटीवरून काढला, मग लेकीच्या लग्नपत्रिकेतून. आता तो त्यांच्या बायकोलाही आठवत नाही. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. वर्गात मॉनिटर केल्यावर ज्या पोराचं डोकं फिरतं ते मोठेपणी कसं दिसतं, हे मला या माणसाकडं बघून कळलं.

गेल्या दिवाळीनंतर मदत कुणाला द्यायची ते बघायला कॅप्टन, माझा नवरा आणि मी असे तिघं मेढ्याच्या पुढं डोंगरातल्या एका वाडीवर गेलो. मला नेलं, कारण घरात नुसत्या बायका होत्या. एका नायक हुद्द्याच्या जवानाची विधवा, चाळिशीच्या आतबाहेरची, आणि तिची सासू. नवरा सुट्टीवर आलेला असताना घाटात अपघातात गेला होता. पेन्शन येत होती, पण मुलगी पुण्याला नर्सिंग शिकत होती आणि पेन्शन तिच्या मागं पुण्यालाच जात होती. घर चालत होतं एका म्हशीवर.

कॅप्टननी विचारलं, "काय मदत पाहिजे, नि:संकोच सांगा."

ती पदर सावरून म्हणाली, "साहेब, गोठ्याला अंगनाकडनं भिंतच न्हाई. तेवढी एक बाजू बांधून मिळाली तर लय बरं हुईल. म्हस गाभन हाय, शिमग्याला यील. उघड्यावर बुजती वो. थोडं काय वाजलं तरी थयथय करती."

तिनं आम्हाला म्हैस दाखवली. काळीभोर, कातडीला चकाकी, पोट जरा दिसू लागलेलं. तिच्या पाठीवर हात ठेवून ती बाई उभी राहिली तेव्हा मला तिचा हेवा वाटला. आमच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत, माझ्या पगारातून घेतलेल्या, पण अशी राखलेली एक नाही. सासू म्हणाली, "रेडी झाली म्हंजे आमचं नशीब उघडलं." म्हणजे पुढची म्हैस घरचीच. इतकं साधं गणित होतं आणि त्यासाठी एक भिंत हवी होती.

मीटिंग साताऱ्यात एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. भिंतीचा विषय निघाला. मग कॅप्टन म्हणाले, "गोठ्याचं उद्घाटन कसं करणार? शेणात उभं राहून फोटो काढायचा का?" सगळे हसले. सांगलीच्या व्यापाऱ्यानं मोठी वर्गणी दिली होती आणि त्याला फोटोत देता येईल, धरता येईल, रिबीन कापता येईल अशी वस्तू पाहिजे होती. ठरलं, शिलाई मशीन. आपल्याकडं विधवा म्हटलं की शिलाई मशीन. तिला शिवता येतं का, असं कुणी विचारलं नाही. मी उठून सांगितलं की तिच्या घरात एक मशीन आधीच आहे, कुठल्या तरी संस्थेनं दिलेलं, त्याच्यावर ती कोंड्याचं पोतं ठेवते. कॅप्टन गोड हसून म्हणाले, "वहिनी, भावना समजतात. पण हे ऑपरेशनल डिसिजन आहे." माझा नवरा टेबलावरच्या बिस्किटांकडं बघत राहिला. गाढवापुढं वाचली गीता म्हणतात, पण त्या दिवशी गाढवाशी लग्न केल्यासारखं मला वाटलं.

राईडच्या दिवशी साताऱ्याच्या पोवई नाक्यावरून निघालो. गाड्या हुद्द्याप्रमाणे. कॅप्टन पुढं, मग सुभेदार मेजर, सुभेदार, हवालदार, आणि शेवटी शिपाई. कुणी कुणाला ओलांडायचं नाही. मागं बसलेल्या बायकांनाही तोच नियम. कॅप्टनच्या बायकोच्या आधी कुणी गाडीवरून उतरायचं नाही, हे मला सुभेदार मेजरच्या बायकोनं कानात सांगितलं. तिचं वजन आणि माझं वजन एकाच पंगतीला येऊ नये याचीही तिला काळजी होती. वाटेत चहाला थांबलो तिथं आम्ही बायका नवऱ्यांच्या हुद्द्याच्या क्रमानं खुर्च्यांवर बसलो. सगळ्यांत शेवटच्या शिपायाची बायको उभीच राहिली. मी तिला माझ्या शेजारी बसवलं तर ती बिचारी घाबरून पुन्हा उठली.

वाडीवर पोचलो तर अंगण सारवलेलं, दारात रांगोळी. मी सरळ चुलीकडं गेले. दोघी सासू-सुना पहाटेपासून राबत होत्या. मोठ्या पातेल्यात रस्सा, भाताचं तपेलं, भाकरी. आणि कोपऱ्यात टॉवेल आणि टोप्यांची चळत.

"हे कशाला गं?" मी विचारलं.

"आवं बाई, पावनं घरी आल्यावर मोकळं कसं लावून द्याचं? फौजंतली मानसं. मामंजींच्या वक्तापास्नं हाय आमच्याकडं, पुरुष मानसाला टावेल-टोपी."

पंचवीस-तीस जणांना. मदत घेणारीनं मदत देणाऱ्यांना आहेर करायचा, हा आपल्याकडचा रिवाज मला माहीत होता. पण देणाऱ्यानं अशा वेळी हात जोडून नको म्हणायचं असतं, हाही रिवाजच आहे. यांच्यातल्या एकानंही म्हटलं नाही. रांगेत उभे राहिले आणि कॅप्टनपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी डोक्यावर टोपी चढवून घेतली. जेवण झाल्यावर त्याच टॉवेलनं दोघा-तिघांनी गाड्यांची धूळ पुसली. मी पाहिलं. म्हातारीनंही पाहिलं.

भाषणं झाली, रिबीन कापली, मशीन तिच्या हातात देतानाचे फोटो झाले. मग आली सलामी. ही या लोकांची खास रीत. शहिदाच्या मानासाठी बंदुकांच्या फैरी झडतात, तशा यांच्या बुलेट झडतात. घरापुढं अर्धगोल उभ्या करायच्या, सगळ्यांनी एकदम चालू करायच्या आणि कॅप्टनच्या हाताच्या इशाऱ्यावर मूठ पिळायची. सायलेन्सर बदललेले, त्यातून बार उडाल्यासारखा आवाज. आपल्याला सैन्य आवडतं ते शिस्तीसाठी, असं हे लोक भाषणात सांगतात, आणि मग गणपतीच्या मिरवणुकीतल्या पोरांसारखं करतात.

गाड्या अंगणात येताना बघून ती बाई माझ्याकडं धावत आली. "बाई, सांगा की वो त्यास्नी. म्हस हितंच बांधलीया, नेणार कुठं? खालच्या वाटंवर उभं राहून वाजवा म्हनावं, तितनंबी ऐकू यील."

मी कॅप्टनकडं गेले आणि जसं तिनं सांगितलं तसंच सांगितलं. ते हातमोजे चढवत होते. "वहिनी, दोन मिनिटांचं काम आहे. त्याच्या आत्म्याला ऐकू गेलं पाहिजे." मी म्हटलं, "आत्म्याला कान नसतात, म्हशीला असतात." ते पुन्हा गोड हसले. मी नवऱ्याकडं बघितलं. तो आपल्या जागेवर, हुद्द्याप्रमाणे, बुलेटवर बसलेला. ऐकलं नाही असं नव्हतं. त्यानं मान खाली घातली आणि चावी फिरवली.

इशारा झाला. मला त्या आवाजाचं वर्णन करायचं नाही. म्हशीनं पहिल्या बारालाच मुसंडी मारली, मग उलट ओढ घेतली, खुंटा उपटला आणि गोठ्याच्या उघड्या बाजूनं अंगणात आली. समोर गाड्यांची भिंत. वळली आणि अंगणाच्या कडेवरून खालच्या तालीवर, वावराच्या बांधावर पडली, कुशीवर, सगळ्या वजनानिशी. ती बाई ओरडत मागं धावली, पण तिचं ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही, कारण सलामी अजून चालू होती. दोन मिनिटांची म्हणजे दोन मिनिटांची. फौजी माणसं, अर्धवट सोडत नाहीत.

म्हैस उठली, खालच्या वावरात थरथरत उभी राहिली. वर कुणीतरी म्हणालं, "उठली, उठली, काय न्हाई झालं." कुणीतरी मोबाईलवर सगळं काढत होता. मी खाली उतरू लागले तर कॅप्टनच्या बायकोनं गाडीवर बसून मला हाक मारली, कारण मी बसल्याशिवाय रांग निघत नव्हती. मी उतरलेच. त्या बाईनं म्हशीच्या मानेभोवती हात टाकले होते आणि ती माझ्याकडं बघत नव्हती. मी काय बोलले ते आठवत नाही. काहीतरी बिनकामाचं बोलले असणार.

संध्याकाळी क्लबच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. मागं देशभक्तीचं गाणं, म्हैस खुंटा उपटते आहे, आणि खाली कॅप्टननी लिहिलेलं: 'वीराच्या सलामीला मुक्या जनावरालाही भावना अनावर झाल्या.' त्याखाली हात जोडलेले आणि तिरंगे. माझ्या नवऱ्यानंही तिरंगा टाकला होता.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. म्हातारीनं उचलला. "म्हस गाभडली," एवढंच म्हणाली, आणि मग थोड्या वेळानं, "रेडी हुती."

मला या माणसांचा राग येत नाही असं मी खोटं लिहिणार नाही. येतो, आणि त्याहून जास्त किळस येते. यांच्यातल्या बऱ्याच जणांनी बर्फात, वाळवंटात खरंच नोकरी केली आहे, गोळीबार पाहिला आहे. त्यांच्या शौर्याबद्दल मला शंका नाही. पण शौर्य खर्चून झाल्यावर त्याच्या पावत्या घेऊन जो गावोगाव फिरतो त्याला मी शूर म्हणत नाही. पुढच्या मीटिंगला मी न बोलावता गेले आणि काय झालं ते सांगितलं. एक हवालदार म्हणाला, म्हशी अशाही गाभडतात. कॅप्टननी विचारलं, "सायलेन्सरमुळंच झालं असा डॉक्टरचा दाखला आहे का?" मग सगळ्यांचं म्हणणं पडलं की पुढच्या वर्षी बघू, तिला प्रमुख पाहुणी म्हणून बोलवू. आणि सलामी? सलामी बंद करता येणार नाही, ती परंपरा आहे. चार वर्षांची परंपरा.

घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की आपल्या दोन म्हशींतली दुसऱ्या वेताची, महिन्यापूर्वी व्यालेली, मी रेडकासकट त्या बाईला देणार. म्हैस माझी आहे, विचारत नाही, सांगते आहे. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मला वाटलं, आता तरी माणसासारखं काही बोलेल. तो म्हणाला, "मग क्लबच्या नावानं देऊ की. कॅप्टनसाहेबांना फोन करतो. टेम्पोला बॅनर लावू, पाच-सहा गाड्या पुढं..."

मी ताटावरून उठले आणि त्याच्यासमोरच तिला फोन लावला. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तुमची दुभती म्हस तुमी मला का देताय, बाई?"

"माझ्याकडं दोन आहेत. तुझ्याकडं एकही दुभती नाही."

"लय उपकार हुतील. पन एक इचारू? राग मानू नगा."

"विचार."

"टेम्पोबरुबर कोन येनार न्हाई न्हवं?"

"कुणी नाही. या लोकांतलं कुणीसुद्धा नाही. मी एकटी येईन, म्हैस बांधून देईन आणि जाईन."

तिकडं मागं म्हातारी काहीतरी बोलत होती, तिला ती हातानं गप्प करत असावी.

"तुमीबी नगा येऊ, बाई," ती म्हणाली. "टेम्पोवाल्याला वाट म्या सांगते फोनवर."

मी बरं म्हणाले. सकाळी म्हैस आणि रेडकू टेम्पोत चढवलं, ड्रायव्हरला तिचा नंबर दिला आणि दारातूनच परत फिरले.