फोन न आलेलं गाव

एखाद्या घरात कुणी तापाने पडलं आहे असं कळलं, तर तुम्ही पहिला प्रश्न काय विचारता? ताप किती आहे, डॉक्टर कोण, गोळ्या चालू केल्या का, असंच ना? आमच्या सुमनताई विचारायच्या, "घरात पाणी कोण भरतंय?"

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोरच्या बाईने सांगितलं, कालपर्यंत सून भरत होती, आज धाकटी मुलगी भरते. सुमनताईंनी वहीत लिहिलं: सून आजारी, सांगत नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "आजार लपवत्यात लोक. घागर कोण लपवंल?"

सुमन कांबळे कोल्हापूरच्या विद्यापीठातल्या आमच्या विभागात प्रकल्प सहायक होत्या. जिल्ह्यातली आठ-दहा कॉलेजं मिळून गावोगावचं पाणी आणि आजार यांची पाहणी चालली होती. प्रत्येक कॉलेजात एक प्राध्यापक, आणि त्यांच्या हाताखाली गावागावांत माहिती घेणारी एकेक बाई. अहवालात याला संशोधनाचं जाळं म्हणत. ते जाळं नव्वदच्या दशकात एस.टी.ने आणि पायी फिरून सुमनताईंनी विणलं होतं. त्यांना नेमणूक मात्र अकरा महिन्यांची मिळे. मग नोकरीत एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने. खंडाच्या दिवशी त्या फाटकाबाहेर चहाच्या गाड्यावर बसत. कुणी विचारलं तर म्हणत, "आज मी मेलेलो हाय. उद्या परत जन्म." अशी बारा-तेरा वर्षं गेली.

मी तिथे संशोधक विद्यार्थिनी म्हणून गेले. माझे वडील शिवाजी पेठेत कामगारांची पत्रकं छापायचे आणि मी ती वाचतच मोठी झाले, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. मी फार बोलायला लागले की त्या म्हणत, "ए पत्रकवाली, तुझ्या बाच्या पत्रकात सगळी माणसं मूठ वळून हुबी असत्यात. आमची खाटंवर पडल्यात. तितनं सुरवात कर की."

गारगोटीच्या पलीकडे डोंगराला लागून असलेल्या एका गावात छबूताई ही आमची माहिती घेणारी. शिवणकाम करायची, घरी थोडी शेती, दोन म्हशी. नवरा इचलकरंजीला मागावर कामाला. सुमनताई पहिल्यांदा त्या घरी गेल्या तेव्हा सासूने त्यांना ओसरीवरच, वेगळ्या तांब्यात पाणी दिलं. बौद्ध बाईला घरातला तांब्या कसा द्यायचा! छबूताई नवी सून होती. ती बाहेर आली आणि सुमनताईंनी ठेवलेला तोच तांब्या उचलून, सासूच्या देखत, उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "तवापास्नं ती माझी," सुमनताई सांगत. "बोलली काय न्हाई. पाणी पेली."

स्वाईन फ्लूच्या वर्षी, ऑगस्टात, पुण्याच्या बातम्या यायला लागल्या आणि कोल्हापुरात लोक नाकाला रुमाल बांधून फिरू लागले. कॉलेजं बंद झाली. घरोघर फिरायची मनाई झाली. आमचे विभागप्रमुख म्हणाले, "पाहणी दिवाळीनंतर बघू."

"सायब, ताप दिवाळीपातूर थांबणार हाय व्हय?" सुमनताई म्हणाल्या.

सर नाही म्हणाले नाहीत; सुमनताईंनी तीच परवानगी समजून काम सुरू केलं. पाण्याचे फॉर्म बाजूला ठेवले. प्रत्येक गावातल्या बाईने रोज दुपारी एक वाजता सुमनताईंच्या मोबाइलवर मिस्ड कॉल द्यायचा. एक मिस्ड कॉल, म्हणजे गावात नवा ताप नाही. दोन, म्हणजे आहे. मग इकडून आपण फोन लावायचा आणि घरं विचारायची. ताप सलग दोन दिवस वाढला की सुमनताई त्या भागातल्या आरोग्य केंद्राला फोन करून डॉक्टरांच्या मागे लागत. "डॉक्टरसायब, तुम्ही येताय का मी बायका घिऊन येऊ?" डॉक्टर जात. दोन आठवड्यांत, बंद कॉलेजांचं ते जाळं कॉलेजं चालू असतानापेक्षा घट्ट झालं.

मग त्यांचा खंडाचा दिवस आला. एरवी एक दिवस. या वेळी सही करणारे साहेब साथीच्या धास्तीने रजेवर, त्यामुळे नेमणुकीचा हुकूम आठवडाभर अडकला. हुकमाशिवाय आवारात पाऊल टाकायचं नाही, असं कचेरीने बजावलं. सुमनताईंनी आपला मोबाइल माझ्या हातात दिला. "एक म्हंजे न्हाय, दोन म्हंजे लाव," म्हणाल्या. फोनच आला नाही तर काय करायचं, ते त्यांनी सांगितलं नाही. ते सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नसावं.

छबूताईंचा फोन सोमवारी आला नाही. मंगळवारीही नाही. मी संगणकावर तक्ता करत होते. सरांना त्यातून आलेख काढून पुण्याच्या बैठकीला पाठवायचा होता. रकाना रिकामा राहिला की रेषा मध्येच तुटे. सर म्हणाले, "रेषा अशी तुटलेली बरी दिसत नाही, बघ काहीतरी." शून्य लिही असं ते म्हणाले नाहीत. ते मी लिहिलं, दोन्ही दिवसांना. ताप असता तर दोनदा वाजला असता, असा मी विचार केला. बुधवारी शून्य, गुरुवारी शून्य. रेषा सुरेख जोडली गेली. सरांनी आलेख पुण्याला पाठवून दिला.

शुक्रवारी हुकूम मिळाला आणि सुमनताई आल्या. पदराने तोंड पुसत उभ्या-उभ्याच त्यांनी तक्त्यावरून बोट फिरवलं. बोट थांबलं.

"छबूचा फोन आलता?"

"नाही."

"मग ह्यो आकडा कुणी सांगितला तुला?"

मी आलेखाचं, रेषेचं काहीतरी बोलले. त्यांनी पिशवी उचलली. मी मागे पळाले. गारगोटीपर्यंत एस.टी., पुढे वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपमध्ये कोंबून.

गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारा उभा होता. "पावणं, तिकडं जाऊ नगासा. त्या घरात त्यो ताप हाय." डेअरीने त्यांचं दूध घेणं बंद केलं होतं. आत सासू भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही मुली कोपऱ्यात, आणि छबूताई खाटेवर. श्वास लांबूनही ऐकू येत होता. कोनाड्यातला मोबाइल बंद पडला होता. वीज येत-जात होती आणि चार्जिंगला लावायला उठणारं कुणी नव्हतं.

"छबू, मी आलोय गं."

छबूताईंनी डोळे उघडले. हात उशाखाली नेला. शिवणकामाच्या मापांची वही होती ती. मापं संपतात त्याच्या पुढच्या पानावर रोजच्या तारखा आणि तापाची घरं लिहिली होती. पाच घरं. शेवटची ओळ वाकडी होत गेलेली. "तुमी फोन लावशीला वाटलं," ती म्हणाली.

हे ती सुमनताईंना म्हणाली. पण मोबाइल माझ्याकडे होता.

जीप मिळवायला दोन तास गेले; रुमाल बांधलेले दोन ड्रायव्हर नाही म्हणाले. कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात तिला गोळ्या मिळाल्या, ऑक्सिजन मिळाला. डॉक्टर म्हणाले, चार दिवस आधी आणायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी छबूताई गेली.

तिचे दिवस झाल्यावर सुमनताई वही घेऊन सरांपुढे उभ्या राहिल्या. "सायब, ह्या नोंदी अहवालात घाला. छापायचा हाय अजून."

"सुमनताई, मला वाईट वाटतं. पण पद्धतीत बसत नाही. फोनवर आलेलीच नोंद धरायची, असं आपणच लिहून दिलंय."

"मग ही चार शून्यं फोनवर आलती व्हय?"

अहवाल तसाच छापला गेला. साथीच्या काळात आमच्या जाळ्याने स्वतःला किती झपाट्याने बदललं, याची त्यात चार पानं स्तुती आहे. त्या चार पानांत सुमनताईंचं नाव नाही. पुढच्या खंडानंतर त्यांचा हुकूम आलाच नाही. आता त्या शाहूपुरीत एका कापडाच्या दुकानात काम करतात.

मी तिथे माफी मागायला गेले होते. त्या गिऱ्हाइकापुढे कापडाचा तागा उलगडत होत्या. "मला काय सांगतीस? वर तिच्या गावाला जा. तिच्या पोरींस्नी सांग, तू काय लिवलंस ते." मी गेले. सांगितलं. थोरलीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग खोडलंसा का?"

खोडता आलेलं नाही. म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तो अहवाल जिल्ह्यातल्या त्या सगळ्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत आहे. हिरवं पुठ्ठ्याचं वेष्टन, शेवटून दुसऱ्या पानावर तक्ता. भुदरगडच्या, म्हणजे गारगोटीकडच्या, भागात तिसऱ्या ओळीत सोमवार ते गुरुवार चार शून्यं दिसतील. जाताना पेन्सिल घेऊन जा. शून्यं खोडू नका. ती माझ्या हातची आहेत, राहू द्या. त्यांच्या शेजारी लिहा: पाच घरं. आणि त्याखाली, ही नोंद घेणारीचं नाव लिहा: छबूताई.